हंडा आणि नळ

संध्याकाळचे आठ वाजले होते. देवळामागच्या खोलीत प्रौढांचा वर्ग भरला होता. खोली लहान होती. माणसे वीस-बावीस होती. पुढे बायका बसल्या होत्या. मागे भिंतीला टेकून पुरुष बसले होते. गुरुजींनी फळ्यावर आजचा शब्द लिहिला. शब्द होता ‘प्रभाग’.

सगळ्यांनी तो शब्द मोठ्याने वाचला. मामा जरा अडखळले. मग त्यांनीही नीट वाचला.

इतक्यात आक्का आल्या. आक्का रोज वर्गात पहिल्या येतात. आज त्यांना उशीर झाला होता. हातात कापडी पिशवी होती. चेहरा विचारात पडलेला होता. त्या काही न बोलता जागेवर जाऊन बसल्या.

ह्या आक्का कोण, ते आधी सांगितले पाहिजे.

ही वस्ती मुंबईच्या एका उपनगरात आहे. टेकडीच्या उतारावर घरे आहेत. पाणी पहाटे येते, आणि पाऊण तासात जाते. खालच्या नळाला पाण्याचा जोर असतो. वरच्या घरांपर्यंत पाणी चढतच नाही. म्हणून वरची माणसे हंडे घेऊन खाली उतरतात. रांग लागते. पूर्वी रोज भांडणे होत. हंड्यांवर हंडे आदळत.

आक्कांनी ती भांडणे बंद केली. त्या पहाटे नळावर उभ्या राहू लागल्या. ज्याचा नंबर त्यालाच पाणी. ओळखीचा नाही, परका नाही. म्हाताऱ्या माणसाचा आणि बाळंतिणीचा हंडा त्या स्वतः वर नेऊन देत. कोणाला दवाखान्यात न्यायचे असो, कोणाच्या मुलाचे नाव शाळेत घालायचे असो, कोणाचे रेशनकार्ड अडलेले असो, लोक आक्कांचे दार ठोठावत. आक्का दिवसा शिवणकाम करतात. लोकांच्या कामाचा त्या एक पैसा घेत नाहीत.

तीन वर्षांपूर्वी आक्का अंगठा उठवत होत्या. ह्याच वर्गात त्या सही करायला शिकल्या. आता त्या वर्तमानपत्र वाचतात. बोट ठेवून वाचतात, सावकाश वाचतात, पण वाचतात.

आक्कांचा प्रश्न

गुरुजी म्हणाले, “आक्का, आज गप्प का?”

आक्का म्हणाल्या, “गुरुजी, महापालिकेची निवडणूक लागली. आपला प्रभाग ह्या वेळी बायकांसाठी राखीव आहे. लोक म्हणतात, आक्का, तुम्हीच उभ्या राहा. मला तर धडकी भरली. मी उभी राहू का नको?”

गुरुजी लगेच काही बोलले नाहीत. ते म्हणाले, “हा प्रश्न एकट्या आक्कांचा नाही. तुम्ही सगळे मतदार आहात. तुम्ही बोला.”

भाजीवाल्या काकू म्हणाल्या, “उभं राहायचं! त्यात विचारायचं काय?”

मामा म्हणाले, “राजकारण म्हणजे चिखल. चांगला माणूस आत गेला, तरी पाय भरतातच. आक्का, नका पडू त्यात.”

कोपऱ्यात एक नवी सून बसली होती. ती सहसा बोलत नसे. ती हळूच म्हणाली, “आक्का निवडून गेल्या, तर सासूबाईंचा हंडा वर कोण आणून देईल?”

सगळे हसले. आक्का हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “पोरीनं बरोबर विचारलं. माझ्या मनात तेच आहे. आज मी माणसांच्या उपयोगी पडते. उद्या मी सभेत खुर्चीवर बसले, तर नळावर कोण उभं राहील?”

गुरुजींनी खडू उचलला. फळ्यावर त्यांनी दोन शब्द लिहिले. एका बाजूला लिहिले ‘हंडा’. दुसऱ्या बाजूला लिहिले ‘नळ’.

ते म्हणाले, “शेजारणीचा हंडा वर नेऊन देणं, ही सेवा झाली. ती फार मोठी गोष्ट आहे. पण उद्या परत हंडा आहेच. परवाही आहे. तुमच्या मुलीच्या डोक्यावरही तोच हंडा येणार. वर नळ आला, की मग हंडा नेण्याची पाळीच येत नाही. आता सांगा, नळ कोण आणू शकतं?”

“पालिका,” काकू म्हणाल्या.

“आणि पालिकेत आपल्या बाजूनं बोलतं कोण?”

वर्ग गप्प झाला.

गोरेगावची पाणीवाली बाई

गुरुजी म्हणाले, “तुम्हांला एक खरी गोष्ट सांगतो. ती आपल्या मुंबईतलीच आहे.”

मृणाल गोरे यांचा जन्म १९२८ साली झाला. त्या डॉक्टर होण्यासाठी शिकत होत्या. पण देशाचे काम त्यांना अधिक जवळचे वाटले. त्यांनी ते शिक्षण सोडले. त्या राष्ट्र सेवा दलाच्या आणि समाजवादी चळवळीच्या कामात पडल्या. १९४८ साली त्यांचे केशव गोरे यांच्याशी लग्न झाले. दोघेही कार्यकर्ते होते. दोघांनी गोरेगावात राहून लोकांची कामे सुरू केली.

त्या काळी गोरेगाव मुंबई महापालिकेत नव्हते. १९५७ साली पालिकेची हद्द वाढली. मग गोरेगाव मुंबईत आले. पण हद्दीत आले म्हणून घरोघरी पाणी आले, असे झाले नाही.

१९५८ साली केशव गोरे वारले. मृणालताई तेव्हा फक्त तीस वर्षांच्या होत्या. पदरात लहान मुलगी होती. दुसरी एखादी बाई घरात बसली असती. मृणालताईंनी लोकांचे काम सोडले नाही. १९६१ साली त्या मुंबई महापालिकेच्या निवडणुकीला उभ्या राहिल्या, आणि निवडून आल्या.

उपनगरात पाण्याचे हाल होते. मृणालताईंनी पाण्याचा प्रश्न हाती घेतला. त्यांनी बायकांना एकत्र केले. मोर्चे काढले. आणि पालिकेच्या सभेतही हा प्रश्न लावून धरला. बाहेर मोर्चा आणि आत प्रश्न, असे दोन्हीकडून काम चालले. लोक त्यांना ‘पाणीवाली बाई’ म्हणू लागले.

पुढे १९७२ साली त्या विधानसभेवर निवडून गेल्या. महागाई वाढली, तेव्हा हातात लाटणे घेऊन बायका रस्त्यावर आल्या. त्यांच्या पुढे मृणालताई होत्या. १९७७ साली त्या लोकसभेवर निवडून गेल्या. २०१२ साली त्या वारल्या. एवढ्या मोठ्या सभागृहांत त्या बसल्या. पण लोकांच्या तोंडी नाव राहिले ते पाण्याचेच.

गोष्ट सांगून झाल्यावर गुरुजी म्हणाले, “मामा, तुम्ही चिखल म्हणालात. चिखल असतो, हे खरं. पण नळ आणायचा तर चिखलातच खणावं लागतं.”

मामा म्हणाले, “ते शिकलेल्या बाईचं झालं. आणि तो काळ वेगळा.”

“मग आणखी मागे जाऊ,” गुरुजी म्हणाले. “महात्मा जोतीराव फुले १८७६ साली पुणे नगरपालिकेचे सभासद झाले. तेव्हा सभासद सरकारच नेमत असे. व्हाइसरॉय पुण्याला येणार होते. त्यांच्या स्वागतावर नगरपालिकेचा पैसा खर्च करायचा बेत निघाला. जोतीरावांनी विरोध केला. हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, असं त्यांचं म्हणणं होतं. पालिकेत बसलेल्या माणसाचं पहिलं काम हेच. लोकांचा पैसा कुठं जातो, ते पाहायचं.”

पालिका म्हणजे काय

काकूंनी विचारले, “पण गुरुजी, नगरसेवकानं सांगितलं म्हणजे नळ येतो का?”

“नाही,” गुरुजी म्हणाले. “हे नीट समजून घ्या. नाहीतर आपण आक्कांकडून नको ती अपेक्षा करू.”

मग त्यांनी एकेक गोष्ट सांगितली.

पाणी, गटारे, रस्ते, रस्त्यावरचे दिवे, कचरा, दवाखाने, जन्म-मृत्यूची नोंद, स्मशानभूमी, ही कामे पालिकेकडे असतात. त्यासाठी पालिका कर घेते. घराचा कर असतो, पाण्याची पट्टी असते. भाड्याच्या खोलीत राहणारा माणूसही भाड्याच्या रूपाने त्याला हातभार लावतो. म्हणून पालिकेचा पैसा हा आपलाच पैसा आहे.

शहराचे भाग पाडलेले असतात. त्या भागाला प्रभाग म्हणतात. मुंबईत २२७ प्रभाग आहेत. प्रत्येक प्रभागातून एक नगरसेवक निवडला जातो. मुंबईबाहेरच्या शहरांत एका प्रभागातून एकाहून अधिक नगरसेवकही निवडले जातात. मुदत पाच वर्षांची असते.

नगरसेवक एकटा हुकूम देऊ शकत नाही. तो सभेत प्रश्न विचारतो. ठराव मांडतो. ठरावावर मत देतो. दर वर्षी पालिकेचे अंदाजपत्रक होते. येत्या वर्षात किती पैसा येणार आणि तो कशावर खर्च करायचा, हे त्यात लिहिलेले असते. कामे करून घेणे हे आयुक्तांचे आणि त्यांच्या हाताखालच्या अधिकाऱ्यांचे काम असते.

“आता आपल्या टेकडीचं बघा,” गुरुजी म्हणाले. “पाणी आपोआप वर चढत नाही. खाली टाकी पाहिजे. पंप पाहिजे. मोठी नळवाहिनी पाहिजे. त्याचा खर्च इंजिनियरनं काढला पाहिजे. तो खर्च अंदाजपत्रकात धरला पाहिजे. मग काम निघतं. ह्यातल्या प्रत्येक पायरीवर कागद आहे. कागद कुठं अडला, हे विचारणारं माणूस हवं. रोज विचारणारं हवं.”

आक्का म्हणाल्या, “म्हणजे तिथंही रांग आहेच.”

“हो,” गुरुजी म्हणाले. “रांगच आहे. हंड्यांच्या ऐवजी कागदांची. तिथंही ओळखीचा पुढं जातो आणि गरीब मागं राहतो. तुम्हांला रांग नीट लावता येते, आक्का.”

ह्या वेळी आक्का पहिल्यांदा हसल्या.

उभे राहायचे तर काय करावे लागते

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी फळा सकाळीच लिहून ठेवला होता. वर्गाने तो वाचला. तुम्हीही वाचा.

१. उमेदवाराचे वय २१ वर्षे पुरे पाहिजे. मत द्यायला १८ वर्षे पुरी असली की चालते.

२. उमेदवाराचे नाव त्या शहराच्या मतदार यादीत पाहिजे. यादी छापली की आपले नाव आधी पाहून घ्यावे. चूक असेल तर मुदतीत हरकत घ्यावी.

३. काही जागा राखीव असतात. १९९२ साली घटनेत ७४वी दुरुस्ती झाली. १९९३ सालापासून ती लागू झाली. त्यामुळे पालिकांत बायकांना निदान एक-तृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्रात २०११ सालापासून निम्म्या जागा बायकांना आहेत. कोणता प्रभाग राखीव, ते सोडत काढून ठरते.

४. उमेदवारी अर्ज भरावा लागतो. त्याच प्रभागातले मतदार सूचक म्हणून लागतात.

५. अर्जाबरोबर प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. आपल्यावर खटले आहेत का, मालमत्ता किती, कर्ज किती, शिक्षण किती, हे सगळे त्यात खरे लिहायचे असते. कोणालाही ते वाचता येते.

६. अनामत रक्कम भरावी लागते. फारच थोडी मते पडली, तर ती जप्त होते.

७. पालिकेच्या कामाचा ठेका उमेदवाराकडे असता कामा नये. पालिकेची थकबाकीही ठेवू नये.

८. अर्जांची छाननी होते. माघार घ्यायला मुदत असते. मग चिन्हे मिळतात.

९. निवडणुकीचा खर्च रोज लिहून ठेवावा लागतो. खर्चाला मर्यादा असते. निकालानंतर हिशेब द्यावा लागतो. हिशेब दिला नाही, तर पुढे उभे राहायला बंदी येऊ शकते.

ही निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो.

वाचून झाल्यावर मामा म्हणाले, “एवढं सगळं लिहायचं म्हणजे वकीलच पाहिजे!”

“माहीतगार माणसाला विचारायला हरकत नाही,” गुरुजी म्हणाले. “अर्ज कोणीही भरून देवो. पण खाली सही आपली असते. म्हणून वाचायचं आपण.”

कोरा कागद

हे ऐकल्यावर आक्कांनी पिशवीत हात घातला. त्यांनी तीन कागद बाहेर काढले.

त्या म्हणाल्या, “काल संध्याकाळी एक गृहस्थ घरी आले होते. ओळखीचे नाहीत. म्हणाले, आक्का, तुमचं काम आम्हांला माहीत आहे. खर्च आमचा. माणसं आमची. गाड्या आमच्या. तुम्ही फक्त इथं सह्या करा. बाकी आम्ही भरून घेऊ. म्हणून काल मला यायला उशीर झाला.”

“सह्या केल्या?” काकूंनी घाबरून विचारले.

“नाही. म्हटलं, आधी वाचते.”

वर्गात एकदम शांतता झाली. आक्कांनी पहिला कागद धरला. तो उमेदवारी अर्ज होता. नाव सोडून बाकी जागा रिकाम्या होत्या. दुसरा कागद प्रतिज्ञापत्राचा होता. आक्का बोट ठेवून एकेक शब्द वाचू लागल्या. मालमत्तेचा रकाना रिकामा. कर्जाचा रकाना रिकामा. खटल्यांचा रकाना रिकामा. वरची माहिती खरी आहे, अशा अर्थाचे वाक्य शेवटी छापलेले होते. त्याखाली सहीची रेघ होती.

आक्का थांबल्या. मग म्हणाल्या, “अहो, माहिती तर अजून लिहिलीच नाही. आणि ती खरी आहे, असं मी आधीच लिहून द्यायचं?”

तिसरा कागद त्यांनी उलटून-पालटून पाहिला. त्यावर एक अक्षर नव्हते. खाली कोपऱ्यात पेन्सिलीने एक फुली केली होती. सही तिथे करायची होती.

मामा पुढे सरकले. त्यांनी तो कागद हातात घेतला. त्यांचा आवाज बदलला. ते म्हणाले, “गावाकडं माझ्या बापानं असाच अंगठा दिला होता. सावकार म्हणाला, मागनं लिहितो. त्यानं मागनं लिहिलं, आणि जमीन गेली.”

थोडा वेळ कोणीच बोलले नाही.

आक्कांनी कागद घडी करून पिशवीत ठेवले. त्या म्हणाल्या, “उद्या ते गृहस्थ आले, की सांगते. सगळं भरून आणा. मी वाचते. पटलं तर सही. आणि ह्या कोऱ्या कागदाचं काम काय, ते आधी सांगा.”

दुसऱ्या दिवशी ते गृहस्थ आले. आक्कांनी तसेच सांगितले. ते म्हणाले, “विश्वास नाही का आमच्यावर?” आक्का म्हणाल्या, “विश्वास आहे, म्हणूनच वाचते म्हटलं. नसता, तर दारातूनच परत पाठवलं असतं.” ते गृहस्थ पुन्हा आले नाहीत.

आक्का अपक्ष म्हणून उभ्या राहिल्या. अर्ज त्यांनी गुरुजींजवळ बसून भरला. मालमत्तेच्या रकान्यात दोन शिलाईची यंत्रे लिहिली. कर्जाच्या रकान्यात बचत गटाचे कर्ज लिहिले. अनामत रकमेसाठी वस्तीने वर्गणी काढली. काकूंनी वर्गणीची वही ठेवली. वहीत त्यांनी स्वतःच्या हाताने नावे लिहिली.

मत कशासाठी मागायचे

प्रचार सुरू झाला. मामांना आता हुरूप आला होता. ते म्हणाले, “आक्का, मी यादी केली आहे. कोणाकोणाला तुम्ही दवाखान्यात नेलं, कोणाचं कार्ड काढून दिलं, सगळी नावं आहेत. एकेकाच्या दारात जाऊ. आठवण करून देऊ. मत कसं देत नाहीत ते बघतो.”

आक्कांनी ती यादी हातात घेतली. पूर्ण वाचली. मग परत दिली.

त्या म्हणाल्या, “मामा, ही यादी फाडून टाका. मी त्यांना दवाखान्यात नेलं, ते मताचं बी पेरायला नाही नेलं. आज मी आठवण करून दिली, तर उद्या माझ्याकडं मदतीला यायला माणूस भिईल. म्हणंल, आक्का हिशेब ठेवते. केलेल्याचं मत मला नको. करायच्या कामाचं मत पाहिजे.”

मामा ओशाळले. त्यांनी यादी फाडली.

मग आक्कांनी एक कागद तयार केला. त्यावर तीनच गोष्टी लिहिल्या. टेकडीवर पाणी चढवण्यासाठी टाकी आणि पंप. वरच्या पायवाटेला दिवे. वस्तीच्या संडासाची रोज सफाई. खाली लिहिले होते : ‘ही कामे मी एकटी करू शकणार नाही. मी सभेत मागणी करीन. काय झाले आणि काय अडले, ते दर महिन्याला नळावर येऊन सांगेन.’

काही लोक म्हणाले, “असं कबूल केलं तर मतं कशी मिळतील? दुसरे तर सहा महिन्यांत पाणी देतो म्हणतात.”

आक्का म्हणाल्या, “सहा महिन्यांत होणार नाही, हे मला माहीत आहे. मग मी तसं कसं सांगू?”

मतदानाच्या दोन दिवस आधी रात्री वस्तीत गाठोडी आली. कोणाच्या दारात साडी ठेवली गेली, कोणाच्या हातात नोटा. दुसऱ्या दिवशी वर्गात ह्याच गोष्टीची कुजबुज चालली होती.

काकू उठून उभ्या राहिल्या. त्या म्हणाल्या, “मी लपवत नाही. मागच्या खेपेला मी साडी घेतली होती. साडी वर्षात विरली. हंडा पाच वर्षं डोक्यावर राहिला. ह्या खेपेला आलेली साडी मी परत केली.”

गुरुजी म्हणाले, “मतासाठी पैसे देणं हा गुन्हा आहे. घेणं हाही गुन्हा आहे. आणि एक ध्यानात ठेवा. मतदान गुप्त असतं. आत यंत्रापुढं तुम्ही एकटे असता. कोणालाही भ्यायचं कारण नाही. एकही उमेदवार पसंत नसेल, तर ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हे बटणही असतं. पण घरी बसू नका.”

मतदानाच्या दिवशी वस्तीत सकाळपासून रांगा लागल्या. नव्या सुनेने त्या दिवशी पहिल्यांदा मत दिले. यंत्रावरची नावे तिने स्वतः वाचली.

निकाल

निकाल लागला. आक्का निवडून आल्या नाहीत. थोड्या मतांनी त्या मागे पडल्या. वस्तीची बहुतेक मते त्यांना मिळाली होती. पण प्रभाग वस्तीपेक्षा मोठा होता. पलीकडच्या इमारतींतल्या लोकांना आक्का माहीत नव्हत्या.

त्या संध्याकाळी वर्गात कोणाचे लक्ष लागेना. काकूंच्या डोळ्यांत पाणी होते. मामा म्हणाले, “मी सांगत होतो, हे आपलं काम नव्हे.”

आक्का नेहमीसारख्या पहिल्याच आल्या होत्या. त्या म्हणाल्या, “मामा, मी पडले. पाणी पडलं नाही. ते आणायचंच आहे. मला वही द्या. आज आपण अर्ज लिहू.”

“कोणाला?”

“नवीन नगरसेविका निवडून आल्या ना, त्यांना.”

“त्यांना? त्यांच्या विरुद्ध तर तुम्ही उभ्या होता!”

“होते. ते कालपर्यंत. आज त्या साऱ्या प्रभागाच्या नगरसेविका आहेत. मत दिलं त्यांच्या, आणि नाही दिलं त्यांच्याही. मी निवडून आले असते, तर मीही तसंच वागले असते. मग त्यांच्याकडं जायला लाज कसली?”

त्या रात्री सगळ्या वर्गाने मिळून अर्ज लिहिला. टाकी, पंप, नळवाहिनी. येत्या अंदाजपत्रकात खर्च धरावा, अशी विनंती लिहिली. अर्जाच्या दोन प्रती केल्या. एक द्यायची, आणि एकीवर पोच घ्यायची. खाली वस्तीतल्या माणसांनी सह्या केल्या. मागच्या वर्षी अशाच एका अर्जावर बहुतेक अंगठे होते. ह्या वेळी अंगठे थोडे होते, सह्या पुष्कळ होत्या.

अर्ज घेऊन आक्का, काकू आणि मामा पालिकेच्या कचेरीत गेले. नगरसेविकाबाईंनी अर्ज वाचला. त्यांनी विचारले, “हा इतका व्यवस्थित अर्ज कोणी लिहिला?”

मामा म्हणाले, “आम्ही.” आणि त्यांनी पोच मागून घेतली.

पुढच्या महिन्यात, ठरल्याप्रमाणे, आक्का नळावर उभ्या राहून बोलल्या. काय झाले आणि काय अडले, ते त्यांनी सांगितले. निवडून आल्या नव्हत्या, तरी सांगितले. मग त्यांनी बाळंतिणीचा हंडा उचलला आणि त्या टेकडी चढू लागल्या. अर्ध्या वाटेत नव्या सुनेने तो त्यांच्या हातातून घेतला.

ती म्हणाली, “आक्का, हंडा मी नेते. तुम्ही कचेरीत जा. आज अर्जाचं विचारायचं आहे ना?”

उत्तरे द्या

१. हंडा नेऊन देणे आणि नळ आणणे, ह्यांत फरक काय?

२. मृणाल गोरे महापालिकेवर कोणत्या साली निवडून आल्या? लोक त्यांना काय म्हणत?

३. आक्कांनी कोऱ्या कागदावर सही का केली नाही?

४. मामांनी केलेली यादी आक्कांनी फाडायला का सांगितली? तुम्हांला ते पटते का?

५. तुमच्या प्रभागाचे नगरसेवक कोण आहेत? नाव विचारून घ्या आणि वहीत लिहा.

६. तुमच्या वस्तीतली एक अडचण निवडा. त्याबद्दल पालिकेला पाच ओळींचा अर्ज लिहा. खाली सही करा. पोच घ्यायला विसरू नका.